युद्धाच्या बोर्ड गेममधल्या सोंगट्या घरी रंगवल्या, पण रंग नखाने निघतोय. काय चुकलं?

तुम्ही लिहिलंय की नेरूळला राहता, दुसऱ्या महायुद्धावरच्या ‘अ‍ॅक्सिस अँड अलाइज’ या खेळाची १९४२ची आवृत्ती घेतलीत, एकरंगी सैनिक बघून कंटाळलात, मुलाच्या पोस्टर कलरने वीस रशियन रंगवलेत आणि दुसऱ्याच डावात रंगाची सालपटं निघाली. पावसाळा संपेपर्यंत थांबू का, असंही विचारलंय.

पोस्टर कलर पाण्यात विरघळतो. खेळताना हाताला घाम येतो, म्हणजे तो निघणारच होता. पण अ‍ॅक्रिलिक असता तरी निघाला असता, कारण सोंगट्या तुम्ही बहुतेक धुतल्याच नसतील. कोणीच धुवत नाही. मीही धुतल्या नव्हत्या, आणि मला तर ते कळायला हवं होतं.

मी ठाण्याला राहते आणि रबाळे एमआयडीसीत मोल्ड डिझाइन करते. खेळणी नाही, बाटल्यांची झाकणं आणि स्विचबोर्डाचे भाग. वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरलं की गार झालेला पीस सहज सुटावा म्हणून साच्यात सिलिकॉनचा स्प्रे मारतात. त्याचा अगदी पातळ थर पिसावर राहतो. डोळ्यांना दिसत नाही, पण तव्याला तेल लावल्यावर डोसा जसा सुटतो तसा त्याच्यावरून रंग सुटतो. म्हणून आधी कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विड साबणाचे चार थेंब आणि जुना टूथब्रश. बुटांच्या फटी, बंदुकीखालची जागा, तळ, सगळं घासायचं. मग जुन्या पंचावर रात्रभर वाळवायचं आणि त्यानंतर उघड्या भागाला बोट लावायचं नाही. बोटाचं तेलही तेवढंच वाईट.

आता एक सैनिक उजेडात धरा. हेल्मेटच्या मधोमध वरून खाली एक बारीक रेघ दिसेल. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथली ती पार्टिंग लाइन. तुमचे सैनिक थोडे चपटे का, बंदूक अंगाला चिकटलेली का, याचंही उत्तर तिथेच आहे. दोन अर्धे सरळ बाजूला ओढायचे असतात, त्यामुळे मध्ये अडकेल असं काही ठेवता येत नाही. ही रेघ रंगाखाली लपत नाही, उलट उठून दिसते. पॉलिश पेपर मात्र लावू नका. या मऊ प्लास्टिकला घासलं की त्यावर रोवा उठतो आणि सैनिकाने लोकरीची टोपी घातल्यासारखं दिसतं. नवीन ब्लेड घ्या आणि पातं जवळजवळ उभं धरून हलक्या हाताने खरवडा. वाकलेल्या बंदुका आणि रणगाड्यांच्या नळ्या सरळ करायला गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, बोटांनी सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात टाका.

यापुढे मी जी माती खाल्ली ती सांगते.

पहिल्यांदा मी हार्डवेअरच्या दुकानातून इनॅमलचा स्प्रे आणला. लोखंडी ग्रिलवर मारतात तोच. दिसला झकास. दोन दिवस वाळवलं, डब्यात भरलं. पुढच्या रविवारी डबा उघडला तर सगळे रणगाडे एकमेकांना आणि नकाशाच्या कोपऱ्याला चिकटलेले. ओढून काढल्यावर सायबेरियात एका सोव्हिएत रणगाड्याच्या पट्ट्यांचा ठसा राहिला, तो आजही आहे. झालं असं की मऊ प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेला असतो. तो हळूहळू बाहेर येतो आणि काही रंगांना कधी पूर्ण वाळूच देत नाही. दिवसभर कारखान्यात हेच शब्द ऐकायचे आणि घरी येऊन तेच विसरायचं, दुसरं काय! म्हणून कुठलाही प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, आधी एकाच सोंगटीवर लावा, शक्यतो जास्तीच्या. तीन-चार दिवस ठेवा आणि मग ती कागदावर दाबून बघा. चिकटली तर तो प्रायमर या प्लास्टिकचा नव्हे.

मी आता चित्रकलेच्या दुकानात मिळणारा अ‍ॅक्रिलिक जेसो वापरते, म्हणजे कॅनव्हासला रंगाआधी देतात तो लेप, ब्रशने. थोडं पाणी घालून दोन पातळ हात. तो वाळल्यावरही जरासा लवचिक राहतो, त्यामुळे बंदूक वाकली तरी तडा जात नाही. स्प्रेइतका गुळगुळीत दिसत नाही, मान्य. पण खेळायच्या सोंगटीला गुळगुळीतपणापेक्षा चिवटपणा जास्त लागतो.

पावसाळ्याचं उत्तरही यातच आलं. ब्रशने लावायचा जेसो आणि ब्रशने लावायचं व्हार्निश असेल तर जुलैतही काम करा, फक्त प्रत्येक हाताच्या मध्ये दुप्पट वेळ द्या आणि पंख्याखाली ठेवा. स्प्रेच्या वाटेला मात्र पावसात जाऊ नका. डब्यातून वायू सुटतो तेव्हा फवारा गार होतो, हवेतलं बाष्प त्यात अडकतं आणि मॅट व्हार्निश पांढरं धुकट पडतं. गॅलरीत असे तीस सैनिक मी एका संध्याकाळी गारठवले होते. बाहेर पाऊसही नव्हता, नुसतं ढगाळ होतं. स्प्रेच करायचा असेल तर दिवाळीनंतर, दुपारी, मोकळ्या हवेत आणि तोंडाला मास्क लावून. स्वयंपाकघराच्या खिडकीत तर मुळीच नको, स्प्रे पेट घेतो.

हे झालं रंग टिकण्याचं. पण तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

दुसऱ्या खेपेला मी सगळं नीट केलं. धुतलं, जेसो लावला, पुस्तकं बघून खरे रंग शोधले. ब्रिटिश पायदळाला तपकिरी खाकी, अमेरिकनांना ऑलिव्ह, जर्मनांना हिरवट राखाडी. महिनाभर रोज रात्री टेबललॅम्पखाली बसले. आमच्या रविवारच्या डावाला शेजारचे काका येतात, मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी. त्यांनी कौतुक केलं, चष्मा कपाळावर चढवून एकेक सैनिक पाहिला. मग डाव सुरू झाला आणि तिसऱ्या फेरीला ते ब्रिटिश समजून माझे अमेरिकन हलवायला लागले. मी हसले. पुढच्या फेरीला तीच चूक मी केली.

कंपनीने ब्रिटिश फिकट खाकी आणि अमेरिकन स्वच्छ हिरवे दिले होते ते सौंदर्यासाठी नव्हे, टेबलाच्या पलीकडून ओळखू यावेत म्हणून. मी खऱ्याच्या नादाने दोघांनाही चिखलाचा रंग दिला. हातात धरून सुंदर, दोन फुटांवरून सगळे एक.

गंमत म्हणजे हीच अडचण खऱ्या युद्धातही आली होती. अमेरिकन विमानांवर निळ्या गोलात पांढरा तारा आणि ताऱ्याच्या मधोमध लाल ठिपका असे. लढाईच्या धामधुमीत तो ठिपका जपानी विमानांवरच्या लाल गोळ्यासारखा वाटू शकतो म्हणून मे १९४२ मध्ये तो काढून टाकला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिशांनी आणि आपल्या हवाई दलानेही विमानांवरच्या गोलातला लाल भाग काढला, नुसते निळे-पांढरे गोल ठेवले. तुमच्या डब्यातल्या विमानांवर हे एवढंसं चिन्ह काढलंत तर ते दिसायलाही छान आणि इतिहासालाही धरून.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: वर सैनिक खरा, तळ त्याच्या पक्षाचा. पायाखालच्या चकतीला कंपनीने दिलेलाच रंग जरा भडक करून लावायचा. ब्रिटिशांना पिवळसर, अमेरिकनांना गवती हिरवा. वरचा गणवेश मग हवा तसा रंगवा. रणगाडे आणि जहाजांना चकती नसते, त्यांना खालच्या कडेने तोच पट्टा ओढा. चकती मोठी करायचा मोह होईल, नाणं किंवा वॉशर चिकटवावासा वाटेल, पण तसं करू नका. या खेळात सैन्य वाढलं की सोंगटीखाली चिप्स रचायच्या असतात, आणि युरोपातल्या घरांत आधीच विरारच्या लोकलसारखी गर्दी असते.

खरे रंग निवडताना साल बघा, एवढं सुचवेन. तुमचा डाव १९४२च्या वसंतात सुरू होतो. जर्मन रणगाडे तेव्हा गडद राखाडी होते, वाळूसारखा पिवळा रंग त्यांना फेब्रुवारी १९४३ मध्ये आला. म्हणजे तुम्हाला आयता सोपा रंग मिळाला. जहाजांत वेळ घालवू नका, राखाडी द्या, विमानवाहूंचे डेक लाकडी तपकिरी करा, झालं.

प्रत्यक्ष रंगवण्यात गुपित फार नाही. आपल्या स्टेशनरीच्या दुकानातले अ‍ॅक्रिलिक रंग चालतात. परदेशी मिनिएचरच्या छोट्या बाटल्यांत रंगकण बारीक असतात, त्यामुळे एका हातात अंग झाकलं जातं, इथे दोन-तीन हात लागतात, एवढाच फरक. रंग ताकाइतका पातळ करा, श्रीखंडासारखा नको, नाहीतर चेहरा बुजतो. ब्रश एक नंबरचा घ्या, पण टोक चांगलं असलेला. तीन शून्याचा ब्रश सगळे घेतात आणि पस्तावतात, त्यात रंगच मावत नाही, सोंगटीपर्यंत जाईतो टोक वाळतं. सैनिक आइस्क्रीमच्या काड्यांवर डबल टेपने दहा-दहाच्या रांगेत चिकटवा. आधी सगळ्यांचे बूट, मग सगळ्यांच्या पँटी, मग हात-तोंड. एकच सैनिक पूर्ण करायला बसलात तर सातव्याला कंटाळाल.

शेवटी पाण्यात काळा-तपकिरी रंग आणि साबणाचा एक थेंब घालून तो कोऱ्या चहाइतका पातळ करा आणि सगळ्यांवरून फिरवा. तो घड्यांत जाऊन बसतो, वर राहत नाही, आणि सपाट प्लास्टिकला एकदम खांदे, पट्टे, खिसे फुटतात. हा क्षण दर वेळी मला जादूसारखा वाटतो, खोटं कशाला बोलू. वाळलं की आधी ग्लॉस व्हार्निश, कारण ते कडक असतं आणि हाताळणी तेच सोसतं. मग हवं तर वरून मॅट.

बदल करून नवीन सैन्य बनवायचं असेल तर खेळाच्या मूळ सोंगट्या कापू नका. सैनिकांची खेळणी पिशवीत सुटी मिळतात, बहात्तराव्या भागाच्या मापाची बघा, म्हणजे माणूस साधारण चोवीस मिलिमीटरचा. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे यापेक्षा बरेच मोठे असतात, ते नकाशावर राक्षस वाटतात. आम्ही मागच्या दिवाळीत जुन्याच नकाशाच्या पाठीवर चिमाजी अप्पांची वसईची मोहीम आखली, ठाण्याच्या किल्ल्यापासून, म्हणजे १७३७ पासून, मे १७३९ मध्ये वसई पडेपर्यंत. ज्या किल्ल्यावर आम्ही डाव सुरू करतो तिथे आता ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे मुलं ‘जेल घेतलं’ असंच म्हणतात. मावळे करायला हेल्मेट ब्लेडने खरवडलं आणि एम-सीलची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी ओल्या बोटाने डोक्याभोवती गुंडाळली, झालं पागोटं. एम-सीलही या प्लास्टिकला नीट धरत नाही, म्हणून नुसतं वर ठेवू नका, सगळीकडून वेढा पडू द्या. भाल्याला खराट्याचा हीर. तळाला मराठ्यांचा भगवा, पोर्तुगिजांचा निळा. काकांचा एकही सैनिक आजवर चुकीच्या बाजूला गेलेला नाही.

तुमचे वीस रशियन वाया गेलेले नाहीत. भांडंभर कोमट पाण्यात रात्रभर टाकून ठेवा, पोस्टर कलर आपोआप सुटेल, मग साबणाने घासा. पण चहाच्या जुन्या गाळणीत धुवा. माझा एक तोफखाना बेसिनमधून गेला, तो आता ठाण्याच्या खाडीत कुठेतरी असेल.