चाल सुचते, कॉर्ड कोणत्या लावाव्यात?

प्रश्न : लहानपणी थोडी पेटी शिकलो, गिटार मात्र माझी मीच शिकलो. मराठी गाणी रचतो. पण प्रत्येक चालीखाली बोटे सी, जी, ए मायनर आणि एफ याच कॉर्डवर जातात. नुकतीच भूप रागावर बेतलेली चाल तर गिटारवर भूप राहिलीच नाही. थिअरी कोठून शिकावी?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : आपल्याला सरगम येते, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी. पेटीची पांढरी एक (म्हणजे सी) हा षड्ज (सा) धरल्यास बिलावल थाटाचे (थाट म्हणजे रागांच्या गटाची सात स्वरांची चौकट) सात शुद्ध स्वर म्हणजेच सी मेजर स्केल होय, आणि त्यातील कोणत्याही स्वरापासून एकाआड एक असे तीन स्वर घेतले की कॉर्ड तयार होते : सा-ग-प ही सी, म-ध-सा ही एफ, प-नि-रे ही जी, ध-सा-ग ही ए मायनर.

भूपाचे कोडे येथेच उलगडते. भूपात मध्यम (म) आणि निषाद (नि) वर्ज्य आहेत. एफमध्ये मध्यम येतो, जीमध्ये निषाद. आपण गळ्याने टाळलेले स्वर गिटार वाजवत होती, म्हणून रंग पालटला. सी आणि ए मायनर या दोन कॉर्ड मात्र पूर्णपणे भूपाच्या स्वरांतल्या आहेत. जी हवीच असेल, तर तिच्यातील निषादाच्या तारा बोट हलके टेकवून गप्प कराव्यात आणि केवळ पंचम-रिषभ वाजू द्यावेत. ही पोकळ कॉर्ड भूपाला फार शोभते.

एकसुरीपणावरचा उपायही याच हिशेबात आहे. ओळ ज्या स्वरावर थांबते, तो स्वर थाटातील तीन कॉर्डमध्ये असतो. गंधार सीमध्ये आहे, ए मायनरमध्ये आहे आणि ग-प-नि या ई मायनरमध्येही आहे. तोच गंधार या तिन्हींवर गाऊन पाहावा. ई मायनरवर तो षड्जापासून दूर गेल्यासारखा वाटतो, आणि विरहाच्या ओळीला मला तीच जागा योग्य वाटते.

1916 साली बडोद्यातच पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागे असलेल्या संगीतशास्त्रज्ञ पं. भातखंडे यांनी रागांची दहा थाटांत केलेली मांडणी आपल्याला यापुढे उपयोगी पडेल. बिलावलनंतर काफी घ्यावा. त्यात गंधार-निषाद कोमल (अर्धा सूर खालचे) असल्याने षड्जावरची कॉर्ड मायनर होते, पण मध्यमावरची मेजरच राहते. भैरवात नेमके उलट घडते. तोडी आणि मारवा यांच्या कॉर्ड अवघडून बसतात, म्हणून ते थाट शेवटी घ्यावेत.