रोम १३ वरून अडकलायस? आधी हे वाच

अरे, रोम १३ (बायबलमधल्या पौल प्रेषिताने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा १३ वा अध्याय) वाचून, सरकारचं प्रत्येक वेळी ऐकायचंच का म्हणून एवढा गोंधळू नकोस, सगळ्यांचं सुरुवातीला तिथेच अडतं. "अधिकाऱ्यांच्या अधीन राहा" एवढीच ओळ उचलून दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी सरकारनेही स्वतःचं समर्थन केलं होतं, आणि १९८५ च्या कैरोस डॉक्युमेंटने (तिथल्याच ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञांचं निवेदन) नेमकं त्यावरच बोट ठेवलं, ते मिळालं तर आधी वाच. मुळात पौलाच्या पत्रात अध्याय नव्हतेच, ते नंतर पाडले, त्यामुळे १२ वा अध्याय सोडून १३ वा वाचलास की सूडाबद्दलचा, वैऱ्याला जेवू घालण्याचा सगळा संदर्भच गळून जातो बघ.

मग बायबलमधलंच निर्गम १ काढ. फारोने, म्हणजे इजिप्तच्या राजाने, सुइणींना इब्री लोकांचे नवजात मुलगे मारायला सांगितले आणि त्या सुइणींनी सरळ ऐकलं नाही, वर तोंडावर थाप मारली (मला हा भाग फार आवडतो). दानीएल ३ (राजाच्या मूर्तीला नमायला नकार देणारे तिघे), कृत्ये ५:२९ (माणसांपेक्षा देवाचं ऐकायचं) पण बघच.

प्रकटीकरण (बायबलचं शेवटचं पुस्तक) १३ मात्र जपून हां, त्यातलं श्वापद म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते तेव्हाचं रोमन साम्राज्य, लोक उगाच आजच्या पुढाऱ्यांची नावं चिकटवत बसतात. आणि बॉनहॉफरवर (हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक) लगेच उडी मारू नकोस, त्याआधी १९३४ चं बार्मेन घोषणापत्र (चर्चवरच्या नाझी वर्चस्वाला नकार देणारं जर्मन ख्रिस्ती लोकांचं निवेदन) वाच, छोटंसंच आहे.