गटाला एकत्र विचार करता येईल असे ऑनलाइन साधन रचताना आधी काय ठरवावे?

काही हजार लोकांना ऑनलाइन चर्चा करून थेट निर्णय घेता यावेत असे साधन उभारायचे असेल, तर मतदानाची व्यवस्था आधी करावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मतदान सर्वांत शेवटी हाताळावे. मते मोजणे तुलनेने सोपे आहे. एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत कसे पोहोचेल आणि ते वाचून त्याला नेमके काय करता येईल, हे ठरवणे खरे अवघड काम आहे, आणि चर्चा पुढे सरकणार की वादात रुतणार हे त्यावरच ठरते.

तैवानमध्ये 2014 च्या सूर्यफूल आंदोलनानंतर (चीनशी झालेल्या व्यापार कराराविरुद्धच्या विद्यार्थी आंदोलनानंतर) गव्हझीरो या नागरी तंत्रज्ञांच्या गटाने व्हीतैवान ही ऑनलाइन लोकचर्चेची प्रक्रिया उभी केली, आणि 2015 मध्ये उबरच्या नियमनाचा प्रश्न तिच्यापुढे आला. त्यासाठी वापरलेल्या पॉलिस या साधनात एक छोटे विधान समोर येते. आपण सहमत, असहमत किंवा 'पास' म्हणायचे आणि वाटल्यास स्वतःचे विधान जोडायचे. दुसऱ्याच्या विधानाखाली उत्तर लिहिण्याची सोयच तेथे ठेवलेली नाही. त्यामुळे ज्याला एखादे विधान पटत नाही, त्याला 'असहमत' म्हणण्यापलीकडे काही सांगायचे असेल, तर अधिक लोकांना पटेल असे विधान लिहिण्यावाचून पर्याय उरत नाही, आणि भांडणात जाणारी शक्ती मांडणीकडे वळते. एकसारखी मते देणाऱ्यांचे गट गणिताने शोधून त्यांचा नकाशा सर्वांना दाखवला जातो, आणि सगळ्या गटांना मान्य असलेली विधाने वेगळी काढली जातात. उबरचे समर्थक आणि विरोधक असे दोन गट स्पष्ट दिसत होते. तरीही खासगी प्रवासी वाहनांची नोंदणी व्हावी, शासनाने सर्वांना न्याय्य नियम करावेत, अशा विधानांना दोन्हीकडून होकार मिळाला. त्या आधारे अधिकारी, टॅक्सीचालकांचे प्रतिनिधी आणि उबर यांची थेट प्रक्षेपित बैठक झाली व पुढच्या वर्षी नियम आले.

आइसलँडची राजधानी रेक्याविकमधील, नागरिकांच्या प्रस्तावांसाठीच्या 2010 पासूनच्या ऑनलाइन व्यवस्थेतही प्रस्तावाखाली बाजूचे आणि विरोधातले मुद्दे दोन वेगळ्या स्तंभांत लिहायचे असतात, समोरच्याला उलट उत्तर देता येत नाही. दोन वेगळ्या देशांतल्या लोकांनी हाच मार्ग धरला, याला मी फार महत्त्व देतो.

याउलट माद्रिद शहराच्या 2015 मधील संकेतस्थळावर कोणीही प्रस्ताव मांडावा आणि 16 वर्षांवरील रहिवाशांपैकी 1 टक्का, म्हणजे सुमारे 27 हजार लोकांनी पाठिंबा दिला की त्यावर शहराचे मतदान व्हावे, असा नियम होता. हजारो प्रस्ताव आले आणि फेब्रुवारी 2017 मध्ये त्यांपैकी अवघे दोन मतदानापर्यंत पोहोचले. एकाच आशयाचे अनेक प्रस्ताव पाठिंबा आपापसांत वाटून घेत राहिले, तर चांगली सूचनाही उंबरठ्याच्या अलीकडेच राहते. त्यामुळे मिळतेजुळते प्रस्ताव मूळ लेखकांच्या संमतीने एकत्र करण्याची सोय पहिल्या आवृत्तीतच ठेवावी.

चर्चा आणि निर्णय यांच्या जागाही वेगळ्या असाव्यात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात हे संगणकाविना साधले आहे: अभ्यासगटात विषय सगळ्या बाजूंनी तपासला जातो, पण तेथे निर्णय होत नाही, निर्णय ग्रामसभा घेते आणि तोही सर्वसहमतीने. अभ्यासगटात कोणालाही हरण्याची भीती नसते, म्हणून तेथे शंका मोकळेपणाने विचारता येतात. आपल्या साधनातही चर्चा सुरू असताना मतांची बेरीज दाखवू नये, अन्यथा लोक मुद्दे वाचण्याऐवजी कोणती बाजू पुढे आहे तेच पाहू लागतात.

आणखी एक गोष्ट साधनाची संगणक-प्रणाली लिहायला घेण्यापूर्वीच ठरवावी लागते. लोकांच्या कौलाला कोणी आणि किती मुदतीत लेखी उत्तर द्यायचे? तैवानच्या 'जॉइन' या शासकीय व्यासपीठावर एखाद्या मागणीला 5,000 जणांचा पाठिंबा मिळाला की संबंधित मंत्रालयाला त्यावर सविस्तर उत्तर द्यावे लागते. आपली संस्था किंवा नगरपालिका असे बंधन स्वीकारायला तयार नसेल, तर लोकांकडे त्यांचा वेळ मागू नये. आधी ते बंधन मिळवण्यासाठी प्रयत्न करावेत.