गाणी ऐकण्यासाठी अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घ्यावेत का?

घ्या, पण नुसता अ‍ॅम्प्लिफायर आत बसवला म्हणून स्पीकर अ‍ॅक्टिव्ह होत नाही. खऱ्या अ‍ॅक्टिव्हमध्ये क्रॉसओव्हर (आवाजाचे जाड आणि बारीक भाग वेगळे करणारं सर्किट) अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी असतो आणि वूफर (जाड आवाजाचा भाग), ट्वीटर (बारीक आवाजाचा भाग) यांना वेगवेगळा अ‍ॅम्प्लिफायर मिळतो. या सगळ्यांची एकमेकांशी जुळणी कारखान्यातच झालेली असते, त्यामुळे छोट्या खोक्यातूनही बेस नेटका येतो.

तोटे? बहुतेक जोड्यांत दोन्ही स्पीकरना विजेची वायर लागते. आतला अ‍ॅम्प्लिफायर बिघडला की अख्खा स्पीकर दुरुस्तीला. जवळ बसलात तर ट्वीटरची बारीक सरसर ऐकू येऊ शकते.

कॉम्प्युटरला जोडल्यावर घूं आवाज आला तर बहुधा ग्राउंड लूप असतो, म्हणजे दोन उपकरणांची अर्थिंग दोन वाटांनी जोडली जाऊन वर्तुळ झालेलं असतं. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. दोन्हीकडे सोय असेल तर बॅलन्स्ड केबल (बाहेरून शिरलेला असा आवाज कापणारी केबल) वापरा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.