कॅमेरा उचलण्याआधी

अंगभर गोंदवलेला किंवा कुठल्याही प्रकारे वेगळा दिसणारा माणूस दिसला की लगेच कॅमेरा उचलू नकोस. आधी बोल, फोटो कुठे दिसणार ते स्पष्ट सांग. नाही म्हणाला तर विषय संपला. अमेरिकन छायाचित्रकार डायेन आर्बसने एडी कार्मेल या अतिउंच माणसाला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या घरी आई-वडिलांसोबत टिपलं ते १९७० मध्ये. ओळख मात्र जवळपास दहा वर्षांची होती. एवढा धीर हवा.

१९६२ च्या सुमारास ती रोलायफ्लेक्सकडे वळली. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून बघायचा असतो. त्यामुळे आपला चेहरा झाकला जात नाही, समोरचा आपल्याशीच बोलत राहतो. तुझ्याकडे तो नसेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर लाव, बाजूला उभा राहा आणि रिमोटने शटर दाब. हे खरंच करून बघ.

कमी उंचीच्या माणसासमोर गुडघ्यावर बस, वरून फोटो काढू नकोस. वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सने फार जवळ गेलास तर नाक फुगतं, माणसाचं व्यंगचित्र होतं. ८५ मिमीची लेन्स सुरक्षित, ती थोडं लांबून चेहरा टिपते. मला ५० मिमीची आवडते, माणूस राहतो ती खोलीही फोटोत दिसते.

आणि प्रिंट स्वतः नेऊन दे. सुरुवातीला मी कित्येकांना दिल्या नाहीत, ते अजून सलतं.