नळाचे पाणी, प्रयोगशाळेचा कागद आणि नगरपंचायतीची नोटीस

प्रश्न : आम्ही नागपूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. गावाला नगरपंचायत मिळून काही वर्षे झाली, पण पाणी अजून तीन बोअर आणि एका जुन्या विहिरीचेच आहे. ते टाकीत चढवून एक दिवसाआड नळाला सोडतात. मुलगी बाळंतपणाला आली आहे. नातू तीन महिन्यांचा आहे आणि त्याला वरचे दूध द्यावे लागते. मृगाचा पाऊस पडल्यापासून पाण्याला वास येऊ लागला. जावयांनी घरातल्या गुंडातले, म्हणजे पाणी भरून ठेवायच्या भांड्यातले, पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून नागपूरच्या खासगी प्रयोगशाळेत तपासले. नायट्रेट ८२ निघाले, कोलिफॉर्म जंतूही निघाले. मी तो अहवाल गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि वर लिहिले, ‘नगरपंचायत आपल्याला मुद्दाम विष पाजत आहे, कोणी पाणीपट्टी भरू नका.’ आता नोटीस आली आहे की सात दिवसांत माफी मागा, नाहीतर अफवा आणि बदनामीचा गुन्हा दाखल करू. पाणीपट्टी थकली म्हणून नळ तोडू, असेही त्यात आहे. गल्लीत सगळ्यांकडे टिल्लू पंप आहेत, आमच्याकडेही आहे. मी काय करू?

उत्तर : ताई, नोटिशीचे बघूच, पण आधी नातवाचे. नायट्रेटचे पाणी उकळल्याने सुधारत नाही. पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे प्रमाण उलट वाढते. तुरटी फिरवून, कापडाने गाळून किंवा मेडिक्लोरचे थेंब टाकूनही ते जात नाही. साधा कँडल फिल्टर इथे कामाचा नाही. नीट चालणारा आरओ ते बरेचसे काढतो. तेव्हा बाळाचे वरचे दूध या नळाच्या पाण्यात कालवणे आजपासून बंद करा. त्यासाठी आरओचे किंवा सीलबंद पाणी आणा आणि तेही उकळून घ्या, कारण तुमच्या कागदावर जंतूही आहेत. नायट्रेटमुळे तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हा धोका सर्वांत जास्त. ओठ किंवा नखे निळसर दिसली तर एक क्षणही न थांबता दवाखाना गाठा. आईच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही, म्हणून अंगावरचे दूध वाढवता येईल का, हेही बालरोगतज्ज्ञांना विचारा.

आता नोटीस. तुमच्या मेसेजमध्ये दोन गोष्टी आहेत, एक अहवाल आणि एक तुमचे वाक्य. कायदा या दोन्ही वेगवेगळ्या तोलतो.

अफवेचा गुन्हा म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३. लोकांत भीती पसरवणारी विधाने त्यात येतात. पण आपले म्हणणे खरे आहे असे मानायला वाजवी कारण असेल, ते सद्भावनेने सांगितले असेल आणि घबराट माजवायचा हेतू नसेल, तर गुन्हा होत नाही, असा अपवाद त्याच कलमात आहे. प्रयोगशाळेचा अहवाल हे तुमचे वाजवी कारण. बदनामीच्या कलम ३५६ मध्येही लोकहितासाठी सांगितलेल्या सत्याला संरक्षण आहे. शिवाय आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्था आपली बदनामी झाली म्हणून नुकसानभरपाईचा दावा लावू शकत नाही. एखादा अधिकारी मात्र स्वतःपुरती तक्रार करू शकतो. तुम्ही कोणाचे नाव लिहिले नाही, हे चांगले झाले. यापुढेही लिहू नका.

अडचण आहे ती ‘मुद्दाम’ या शब्दाची. पाण्यात काय आहे ते अहवाल सांगतो, कोणाच्या मनात काय होते ते सांगत नाही. तो शब्द मागे घ्या, अहवाल मागे घेऊ नका. जुन्या मेसेजचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, तो पुसू नका, आणि त्याच ग्रुपवर एवढेच लिहा : ‘माझ्या आधीच्या मेसेजमधले “मुद्दाम” आणि “विष” हे शब्द मी मागे घेते. पाणीपट्टी न भरण्याचे आवाहनही मागे घेते. तपासणी अहवाल खरा आहे आणि सरकारी प्रयोगशाळेकडून फेरतपासणी व्हावी अशी माझी मागणी आहे. तोवर लहान बाळांना हे पाणी देऊ नका.’ नोटिशीच्या उत्तरातही हेच लिहा. सोबत अहवालाची प्रत जोडा आणि फेरतपासणीची मागणी करा. ‘माफी मागते’ असे सरसकट लिहून देऊ नका. असा कागद उद्या ‘अहवालच खोटा होता’ म्हणून तुमच्यापुढे धरला जाईल.

पाणीपट्टी भरा. हे वाचून तुम्हाला राग येईल, मला कळते. असे पाणी देतात आणि वर पैसे मागतात, हा संताप योग्यच आहे. पण थकबाकीदाराचा नळ तोडण्याचा आणि जप्तीने वसुली करण्याचा अधिकार नगरपंचायतीला आहे. एकदा नळ तुटला की वाद पाण्याच्या गुणवत्तेचा राहत नाही, तुमच्या थकबाकीचा होतो. पूर्ण रक्कम भरा आणि सोबतच्या अर्जात ‘पाणी पिण्यायोग्य नसल्याबद्दल निषेध नोंदवून, हक्क अबाधित ठेवून भरत आहे’ असे लिहा. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

आता जे सर्वांत महत्त्वाचे वाटते त्याकडे येतो. तुमचा अहवाल जसा आहे तसा कोर्टात फार टिकणार नाही. अशी प्रकरणे मी पाहिली आहेत. माणसे खरी असतात, पाणीही खराब असते, आणि नमुना कुठून, कसा घेतला या एका प्रश्नावर सगळे पडते. तुमचा नमुना गुंडातून घेतलेला आहे, कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेला आहे आणि साध्या पिशवीतून नागपूरला गेलेला आहे. समोरचा वकील म्हणेल, जंतू गुंडातले, बाटलीतले किंवा हाताचे. त्याला तसे म्हणता येईल. नायट्रेटचे तसे नाही. गुंडात किंवा बाटलीत ते आपोआप ८२ पर्यंत चढत नाही, त्यामुळे अहवालाचा तो भाग अजूनही वजनदार आहे. म्हणून नव्याने आणि नीट नमुना घ्या.

नमुने तीन ठिकाणचे हवेत : बोअर किंवा विहीर, टाकीचा निकास आणि तुमच्या घरातला पहिला नळ, टिल्लू पंपाच्या आणि घरच्या टाकीच्या आधीचा. तिन्ही आकडे शेजारी ठेवले की दोष कुठला ते कळते. बोअरमध्येच नायट्रेट असेल तर स्रोत खराब. बोअरला आणि टाकीच्या निकासाला जंतू नाहीत पण नळाला आहेत, तर दोष पाइपलाइनचा. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली लागते, तिच्यात क्लोरीनचा परिणाम थांबवणारे रसायन आधीच घातलेले असते. ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. रासायनिक तपासणीला स्वच्छ कॅन चालतो. नमुना घेताना शेजारचे दोन साक्षीदार, वेळ घातलेला साधा पंचनामा, सील आणि फोटो. फोटो आणि मेसेज पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, ते वकील करून देतील. तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्रयोगशाळेत करून घ्या. ‘सरकारी अहवाल आणा’ हे उत्तर मग कोणाला देता येणार नाही. त्याच दिवशी पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला नळाला ओटी चाचणी, म्हणजे उरलेल्या क्लोरीनची चाचणी, करायला सांगा. नळाच्या टोकाला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेले असावे लागते.

टाकीजवळची आणि बोअरची जागा तुमच्या ताब्यातली नाही, तिथे नमुना कसा घ्यायचा? माहितीच्या अधिकारात. लोक या कायद्याला फक्त कागद मागण्याचा कायदा समजतात. प्रत्यक्षात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही त्यात स्पष्ट दिलेला आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा. तीन वर्षांचे प्रत्येक बोअरचे तपासणी अहवाल, टाकी धुतल्याची नोंदवही, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरची खरेदी आणि रोजच्या वापराची नोंद मागा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. प्रश्न जीविताचा असेल तर ४८ तास. तान्हे बाळ हेच पाणी वापरते, असे अर्जात लिहून ४८ तासांची मागणी करा. ती मान्य झाली नाही तरी अधिकाऱ्याला त्या दिवशी कळवले होते, याचा पुरावा तुमच्याकडे राहतो.

तुमच्या टिल्लू पंपाबद्दलही खरे बोलायला हवे. पंप लाइनमधून पाणी ओढतो तेव्हा पाइपातला दाब उतरतो आणि जिथे सांधा फुटला असेल तिथून नालीचे पाणी आत खेचले जाते. तुमच्या गल्लीत तेच होत असणे अगदी शक्य आहे. पंपावर नगरपंचायत कारवाई करू शकते आणि केस उभी राहिली की हा पहिला मुद्दा येईल. अर्ज देण्याआधी तो काढा. शेजाऱ्यांनाही काढायला लावा, अवघड आहे तरी.

आता नगरपंचायतीची जबाबदारी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा कोलिफॉर्म जंतू, तर १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही. मात्र हे मानक नळाच्या पाण्याला कायद्याने सक्तीचे केलेले नाही. समोरचा वकील तुम्हाला हेच सांगेल आणि ते चुकीचे नसेल. म्हणून आपला दावा मानकावर उभा करायचा नाही, तो १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाच्या कलम ४९ वर उभा करायचा. तिथे बंधनकारक कर्तव्यांच्या यादीत आहे की असलेले पाणी अपुरे किंवा आरोग्याला घातक असेल, तर वाजवी खर्चात मिळू शकणारे योग्य आणि पुरेसे पाणी मिळवायचे. मानक मग मोजपट्टी म्हणून येते, कर्तव्य कलम ४९ मधून येते. त्यामागे संविधानाचे कलम २१ आहे. प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार प्रकरणात सांगितले.

‘निधी नाही’ असे उत्तर येईल, ते गृहीत धरा. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनाही तेच उत्तर मिळाले होते. उघड्या गटारांच्या त्या प्रकरणात, १९८० मध्ये, न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी नगरपालिकेची ही सबब फेटाळली. ते प्रकरण सुरू झाले होते उपविभागीय दंडाधिकाऱ्यांपुढे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली. तोच अधिकार आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. विहिरीला लागून कोणाचा उकिरडा किंवा फुटका सेप्टिक टँक असेल, तर तो हटवण्यासाठी हा रस्ता लवकर कामाला येतो.

तो उकिरडा शोधाच. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, काटोल-नरखेडच्या बाजूला, काळा पाषाण आहे आणि भेगांमधून पाणी झपाट्याने खाली उतरते. संत्र्याच्या बागांतले खत, शोषखड्डे, गोठे, सगळ्यांचे नायट्रेट पहिल्या पावसाबरोबर विहिरीत येऊ शकते. नागपूर शहराला पेंच आणि कन्हानचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून मिळते. बोअरवरच्या गावात मात्र टाकीत टीसीएल टाकले की शुद्धीकरण झाले असे मानतात. टीसीएल जंतू मारते, नायट्रेटला हातही लावत नाही. म्हणून मागणी लिहिताना ‘शुद्ध पाणी द्या’ एवढेच लिहू नका. रोज क्लोरीन आणि त्याची नोंद, फुटलेल्या लाइनची दुरुस्ती, नायट्रेट जास्त असलेला बोअर पिण्यासाठी बंद, तोवर टँकर, दरमहा तपासणी आणि निकाल पाण्याच्या टाकीवर लावणे, असे तारखा घालून मागा.

हे सगळे घेऊन जायचे कुठे? माझे मत स्पष्ट आहे : स्थायी लोकअदालत. वर्षातून काही वेळा भरणारी लोकअदालत वेगळी, ही वेगळी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम २२अ मध्ये लोकांना पाणी पुरवणे ही ‘सार्वजनिक उपयोगिता सेवा’ म्हणून नमूद आहे. तिथे कोर्ट फी नाही. आधी तडजोडीचा प्रयत्न होतो आणि तो फसला तर तीच अदालत निर्णय देऊ शकते. निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. मुख्य अट ही की वाद त्याआधी कोणत्याही न्यायालयात नेलेला नसावा. म्हणून गल्लीतल्या कोणी घाईने दुसरीकडे दावा टाकणार असेल तर थांबवा. अर्जाबद्दल सिव्हिल लाईन्समध्ये जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा. महिलेला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, तो मागून घ्या.

ग्राहक आयोगाचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. पाणीपट्टी कर आहे की सेवेचा मोबदला, या वादात तिथे वेळ जाईल. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट हा शेवटचा आणि मजबूत उपाय आहे, पण तिथेही पहिला प्रश्न हाच येईल की तुम्ही नगरपंचायतीला लेखी काय कळवले होते.

म्हणून या आठवड्यात तीन कागद तयार व्हायला हवेत : नोटिशीचे उत्तर, निषेध नोंदवून भरलेल्या पाणीपट्टीची पावती आणि माहिती अधिकाराचा अर्ज. सात दिवस नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून मोजा, ती तारीख पाकिटावर लिहून ठेवा. उत्तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत आवक विभागात देऊन शिक्का घ्या. नव्या नमुन्याचे अहवाल आले की तिन्ही ठिकाणचे आकडे मला कळवा, स्थायी लोकअदालतीचा अर्ज त्यावरूनच लिहायचा आहे.