"सेमच आहे, बसतोय की" म्हणून दिलेला ऑइल फिल्टर

भावा, सकाळच्या पहिल्या स्टार्टला ऑइलचा दिवा पाच-सहा सेकंद जात नाही, इंजिनातले टॅपेट खडखड वाजतात, आणि दुपारी गाडी बंद करून लगेच मारली तर काहीच होत नाही, असं तू लिहिलंयस. मिस्त्री तो दिवा लावणारा प्रेशर स्विच बदल म्हणतोय आणि फिल्टर देणारा दुकानदार "सेमच आहे, बसतोय की" म्हणतोय. माझ्या पिकअपनं मला हे सगळं दाखवलंय, म्हणून जरा लांबड लावतो. मी मिस्त्री नाही, भाजी आणि गुळाच्या भाड्यावर गाडी चालवणारा माणूस आहे. तेव्हा शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तकाचा.

ऑइलचा ग्रेड, पट्टीवरची पातळी तू बघितलीच असशील. स्विचची घाई नको. रात्रभर उभी राहिल्यावरच दिवा लांबतोय, म्हणजे फिल्टरमधलं ऑइल रात्रीत खाली चेंबरात, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या टाकीत, उतरत असणार. आडव्या किंवा तोंड खाली करून बसणाऱ्या फिल्टरात ते धरून ठेवायला रबरी पडदा असतो. नवा फिल्टर हातात घे. मधल्या आट्याच्या भोकाभोवती बारीक भोकं दिसतील, त्यातून आगपेटीची काडी हळूच दाब. रबर मऊ दबून परत जागेवर आलं पाहिजे. कडक लागलं किंवा पडदाच नसला तर तो डबा दुकानदाराला परत. पण इंजिन गरम असताना आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, दिवा लागत असेल तर विषय वेगळा. मग गाडी तिथंच बंद कर आणि गेज लावून प्रेशर बघ, फिल्टरच्या गप्पा नंतर.

आता "बसतोय" या शब्दाबद्दल. बऱ्याच फिल्टरांचे आटे पाऊण इंची असतात, इंचाला १६ आटे, म्हणजे व्यास १९.०५ मिमी. काहींचे २० मिमीचे असतात, दीडच्या पिचचे, म्हणजे दोन आट्यांत दीड मिमी अंतर. हे २० चे फिल्टर इंजिनावरच्या पाऊण इंची आट्याच्या दांड्यावर (स्टडवर) चढतात, हाताला जरा ढिले लागतात, पण रबर टेकलं की घट्ट झाल्यासारखे वाटतात. आटे मात्र नुसते टोकाटोकाला धरलेले असतात. थंडीत घट्ट ऑइलचं प्रेशर चढलं की असा फिल्टर सुटू शकतो आणि चेंबर रस्त्यावर रिकामा. तेच बायपास व्हॉल्व्हचं, म्हणजे फिल्टर तुंबला तर ऑइलला बाजूनं वाट देणाऱ्या झडपेचं. काही इंजिनात तो फिल्टरमध्ये असतो, काहींत इंजिनाच्या अंगातच. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात.

म्हणून कंपनी कुठली घेऊ हा तुझा प्रश्न मला दुय्यम वाटतो. बॉश घे, एलोफिक घे, फ्लीटगार्ड घे, नाहीतर गाडीच्या कंपनीचाच घे. फक्त फिल्टरचा नंबर चेसिस नंबरवरून काढ. गाडीचं नाव सांगून मागू नकोस, कारण एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचं नवं मानक आलं आणि त्याच नावाच्या गाड्यांची इंजिनं बदलली. मोठा डबा म्हणजे चांगला डबा, हेही काही खरं नाही. खाली लोंबला तर उसाच्या फडातल्या वाटेवर पहिला दगड त्यालाच.

मला सगळ्यात महाग पडलं ते दुकान नव्हे, वर्कशॉपचं वॉरंटी काउंटर. नाव लिहीत नाही. वैभववाडीकडून करूळ घाट चढताना टर्बोनं (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) शिट्टी मारली आणि गाडीचा दम गेला. वॉरंटी चालू, सगळ्या सर्व्हिस त्यांच्याकडेच. त्यांनी खोललं आणि म्हणाले, टर्बोला ऑइल पोचलं नाही, आणि हा फिल्टर आमचा नाही, तुम्ही बाहेर बदललाय. मी कशाला बदलू? बिल पुढं केलं, तर त्यात काय लिहिलेलं? "सर्व्हिस किट, १ नग". नंबर नाही, काही नाही. मग सुरू झाली टोलवाटोलवी. काउंटर म्हणतंय मॅनेजरला विचारा, मॅनेजर म्हणतोय कंपनीला मेल करा, कंपनीचं उत्तर की डीलरशी बोला. ऐन गुळाच्या हंगामात गाडी त्यांच्या आवारात धूळ खात, हप्ता मात्र तारखेला कापला जातोय. शेवटी टर्बोचे पैसे खिशातून घातले. साहेब एसीत बसून "पॉलिसी आहे" म्हणत होते ते आजही आठवलं की रक्त तापतं. असो.

तेव्हा कुठंही बदल, पण बिलावर फिल्टरचा पार्ट नंबर लिहून घे. बसवायच्या आधी त्या नंबरचा आणि मीटरच्या किलोमीटरचा फोटो काढ. जुना फिल्टर मागून घे, तो तुझाच आहे. उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, कुणी लेथवाला ओळखीचा असेल तर त्याच्याकडून कडेनं कापून घे. हॅक्सॉनं कापू नकोस, लोखंडाचा कीस आत पडतो आणि मग काहीच कळत नाही. आतला घडीचा कागद पिळून उन्हात पसर. चमक दिसली तर लोहचुंबक फिरव. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं आणि पिवळसर-तांबूस दिसलं तर बेअरिंगकडं लक्ष दे.

अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. "तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही" असं काउंटरवर ऐकवतील. २०१९ च्या ग्राहक कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू 'धंद्यासाठी घेतलेली' धरत नाहीत, म्हणजे तू ग्राहकच. मी वकील नाही, पण एवढं त्यांच्या तोंडावर सांगता येतं. मला तेव्हा माहीत नव्हतं.

बसवताना जुनं रबर इंजिनाला चिकटून राहिलंय का ते बोटानं चाचप, नव्या रबराला ऑइल लाव, टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा. पाना फक्त काढायला. फिल्टरवर वेगळं काही छापलेलं असेल तर ते पाळ.

सध्या बसवलेल्या डब्यावरचा नंबर आणि गाडी बीएस-४ की बीएस-६ ते इथं टाक, बघू जुळतंय का. तोवर घाटाचं भाडं घेऊ नकोस.